कंटाळवाणा सम्राट

पीट सॅम्प्रास हरावा म्हणून मी कित्येक वर्षे देव पाण्यात घालून बसत होतो, हे आधीच कबूल केलेले बरे. आमचा जीव आंद्रे आगासीवर. त्याचे ते वाढवलेले केस, भडक कपडे, पांढऱ्या पोशाखाच्या सक्तीपायी विम्बल्डनशी धरलेला अबोला आणि मग १९९२ साली तिथेच मिळवलेले विजेतेपद! सॅम्प्रास मात्र खांदे पाडून यायचा, जीभ किंचित बाहेर काढायचा आणि बिनतोड सर्व्हिस मारून दुसऱ्या बाजूला चालू लागायचा. त्याची दुसरी सर्व्हिसही इतरांच्या पहिलीच्या तोडीची. चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. पत्रकारही त्याला कंटाळवाणा म्हणत.

आकडे मात्र त्याच्या बाजूचे होते. १९९३ ते २००० या आठ वर्षांत सात वेळा विम्बल्डन आणि १९९३ पासून सलग सहा वर्षे वर्षअखेरीस पहिला क्रमांक.

माझे मत फिरले ते जानेवारी १९९५ मध्ये. मेलबर्नला जिम कुरियरविरुद्ध उपांत्यपूर्व सामना होता. त्याचे प्रशिक्षक टिम गलिकसन त्याच स्पर्धेदरम्यान कोसळले होते आणि त्यांना अमेरिकेला परत न्यावे लागले होते. सॅम्प्रासने पहिले दोन सेट टायब्रेकवर गमावले, पुढचे दोन जिंकले आणि पाचव्या सेटमध्ये तो चक्क रडू लागला. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडले होते, प्रशिक्षकासाठी जिंक म्हणून. पलीकडून कुरियरने विचारले, उरलेला खेळ उद्या खेळू या का? सॅम्प्रास डोळे पुसत होता आणि बिनतोड सर्व्हिस मारत होता. तो सामना जिंकला. अंतिम फेरीत त्याला हरवले ते आगासीनेच, पण त्या विजयाचा आनंद मला मनासारखा घेता आला नाही.

मेंदूतल्या गाठीने गलिकसन मे १९९६ मध्ये गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस सॅम्प्रास पॅरिसला उतरला. तिथली लाल माती त्याची कायमची वैरीण. चेंडू मंदावतो, खांद्याएवढा उसळतो. गवतावर जी सर्व्हिस हमखास गुण देते ती इथे परत येते आणि एका हाताने बॅकहँड मारणाऱ्याचे हाल होतात. तरीही त्या वर्षी त्याने तिथले दोन माजी विजेते, ब्रुगेरा आणि कुरियर, पाच-पाच सेटमध्ये हरवले. कुरियरला तर दोन सेटच्या पिछाडीवरून. उपांत्य फेरीत काफेलनिकोव्हसमोर पहिला सेट टायब्रेकवर गेला आणि दुसऱ्यात हा सम्राट ०-६! अंगात काही उरलेच नव्हते. फ्रेंच स्पर्धेत त्याची मजल याच्या पुढे कधीच गेली नाही. आगासीने तीही १९९९ मध्ये जिंकली, म्हणून आमच्या घरचा वाद अजून मिटलेला नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला कोरेत्जाविरुद्ध पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये तो कोर्टवरच ओकला. मॅच पॉइंट वाचवला तो झेप घेऊन मारलेल्या व्हॉलीने. मग एक बिनतोड दुसरी सर्व्हिस. आणि कोरेत्जाने डबल फॉल्ट केला. ती स्पर्धा त्याने जिंकली, तो गलिकसन यांचा जन्मदिवस होता.

१९९८ मध्ये न्यू हेवनला आपल्या लिअँडर पेसने त्याला ६-३, ६-४ असे हरवले, तेव्हा मी पेढे वाटले. पण मनात कुठेतरी चुकचुकलेच.

शेवटची दोन वर्षे त्याला एकही विजेतेपद मिळेना. तो संपला असेच सारे म्हणत होते. २००२ च्या अमेरिकन स्पर्धेत सतरावे मानांकन घेऊन तो आला आणि अंतिम फेरीत आगासीलाच हरवून चौदावे ग्रँड स्लॅम घेऊन गेला. त्यानंतर तो व्यावसायिक सामना खेळलाच नाही. फेडररने २००९ मध्ये विम्बल्डनला त्याचा विक्रम मोडला, तेव्हा तो स्वतः तिथे बसून पाहत होता. पाचवा सेट १६-१४ पर्यंत लांबला. कॅमेरा वारंवार सॅम्प्रासकडे वळायचा. मी त्या चेहऱ्यावर काही दिसते का ते शोधत होतो. छे!