बिघाड असूनही विमान उडतं, ते कसं?

"विमानात बिघाड होता, तरी उडवलंच कसं?" असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. चला, उत्तर समजून घेऊया.

एखादा भाग बंद पडला तर उडायचं की थांबायचं, हे कोणाच्या मर्जीवर नसतं. त्यासाठी 'किमान उपकरण यादी' म्हणजेच एमईएल असते. विमानाच्या प्रत्येक प्रकारासाठी एक मूळ यादी असते. तिच्यावरून विमान कंपनी स्वतःची यादी बनवते आणि आपल्याकडे डीजीसीए ती मंजूर करते. कंपनीची यादी मूळ यादीपेक्षा कडक असली तर चालते, सैल चालत नाही.

उदाहरणार्थ, शेपटीतलं छोटं इंजिन (एपीयू) बंद असलं तरी बहुतेकदा उडता येतं. कारण जमिनीवर लागणारी वीज आणि दाबाची हवा बाहेरच्या यंत्रातून मिळते. पण पंख किंवा मुख्य इंजिन? त्यांना सवलत नाहीच!

शिवाय मुदत असते. बी गटातली दुरुस्ती ३ दिवसांत, सी गटातली १० आणि डी गटातली १२० दिवसांत व्हायलाच हवी. बिघाड नोंदवल्याचा दिवस सोडून. ए गटाची मुदत यादीतच वेगळी दिलेली असते. एवढं असूनही कॅप्टनला धोका वाटला, तर तो उड्डाण नाकारू शकतो.

वर्गात मुलांना सायकलची अशी यादी करायला सांगा. घंटी, मडगार्ड, ब्रेक यांतलं काय थांबू शकेल? नुसतं "चालतंय" नको. कोणत्या अटीवर आणि कधीपर्यंत, तेही लिहायला लावा. दुरुस्ती पुढे ढकलणं आणि दुर्लक्ष करणं यातला फरक तिथेच कळतो.