उरेब कापाची परीक्षा
कोलवाळच्या वेंडेल रॉड्रिक्स (१९६०-२०२०) यांनी कुणबी साडीला फॅशनच्या मंचावर मान मिळवून दिला. तिच्या तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांतून नवा पोशाख हाताने बेतणाऱ्याची खरी परीक्षा असते ती उरेब कापात. हातमागाचे मोजके कापड, त्यामुळे चुकीला जागा नाही. उभ्या-आडव्या धाग्यांना ४५ अंशांत छेदून कापलेले कापड ताणते, टक्स न घालताही अंगाच्या वळणाने उतरते. पॅरिसच्या मादलेन व्हियोने यांनी विसाव्या शतकाच्या विशीत हा काप गाजवला. त्या कागदावर न रेखाटता लहान लाकडी बाहुलीवरच कापड बेतून पाहत. उरेबीत चौकडीची शंकरपाळी होते, म्हणून शिवणीवर रेघा जुळतात की नाही हे आधी मांजरपाटाच्या नमुन्यावर कच्चे टाके घालून पाहावे. घेराची दुमड मात्र घाईने घालू नये. पोशाख रात्रभर टांगला की कापड स्वतःच्या वजनाने कमी-जास्त लोंबते. सकाळी घेर समान छाटून मगच तुरपाई करावी.