केसपेपरवर राहून गेलेला प्रश्न

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. त्याआधी म्हाताऱ्या माणसाचं जास्त झालं की मिळेल त्या जीपने परभणी नाहीतर नांदेड गाठायचं. २०१४ साली १०८ ची रुग्णवाहिका आली, २०२४ साली हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. दवाखाना जवळ आला, हे खरंच. पण तिथे पोचलेल्या म्हाताऱ्याला विचारायचं काय, याबाबत आपण जिथल्या तिथेच आहोत.

एक आजी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. चक्कर येऊन पडली म्हणून आणलेली. बीपीचा पट्टा तिच्या दंडाभोवती दोनदा फिरला. बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या. साखर तपासली, सलाईन लावलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने सहज विचारलं, "माय, काल काय जेवलीस?"

"च्यात टोस बुडवून खाल्ला."

परवा? तेच. दात नाहीत, भाकर चावत नाही. लेक-सून दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले. घरात ती आणि नातू. चूल पेटते ती नातवापुरती. बाटली संपली, आजी घरी गेली. केसपेपरवर लिहिलं होतं : अशक्तपणा.

हा अशक्तपणा ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. वृद्धांचं पोषण तपासायची सहा प्रश्नांची पद्धत जगभर वर्षानुवर्षं वापरात आहे. तीन महिन्यांत जेवण कमी झालं का, वजन उतरलं का, घराबाहेर पडता येतं का, असे ते प्रश्न. वजनकाट्यावर उभं राहता येत नसेल तर शिंप्याच्या टेपने पोटरी मोजायची; ३१ सेंटीमीटरपेक्षा कमी भरली तर काळजी करायची. पाच मिनिटांचं काम. आणि गरज केवढी! २०१७-१८ च्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या सुमारे २७ टक्के लोकांचं वजन असावं त्याहून कमी निघालं.

भुकेमागे पैसा असतो, म्हणून घरचं विचारणंही औषधोपचाराइतकंच महत्त्वाचं. १९९५ साली केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन ७५ रुपयांनी सुरू झाली. पुढे ती २०० झाली आणि ऐंशीच्या आतल्यांसाठी केंद्राचा वाटा तिथेच थांबला. राज्याने श्रावणबाळ योजनेची रक्कम २०१९ मध्ये १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० केली, हे चांगलंच झालं. पण हयातीचा दाखला राहिला, झिजलेल्या बोटाचा ठसा यंत्राने घेतला नाही, की ही पेन्शनही, म्हणजे गावच्या बोलीतला निराधारचा पगार, अडते आणि रेशनही. महिनाभराने तेच माणूस चक्कर येऊन पुन्हा त्याच खाटेवर येतं.

२०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आशाताईंच्या फॉर्ममध्येही साठीपुढच्यांना तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, हे विचारलं जातं. तीच विचारपूस तातडीच्या खाटेपाशी व्हायला हवी. केसपेपरवर दोन ओळी वाढवा, टेबलाच्या खणात एक टेप ठेवा. हिंगोलीच्या नव्या महाविद्यालयातल्या मुलांना पहिल्या वर्षापासून ही सवय लागली, तर जिल्ह्याचं फार भलं होईल.

तोवर कुणा म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्याल तेव्हा डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. तीन दिवसांत काय खाल्लं, घरात सोबत कोण आहे, पगार चालू आहे का, हे आपणहून सांगा. पगार अडला असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. फोनला पैसे पडत नाहीत.