बी.एड.ची खरी लागत

भिवंडीत आम्ही ताग्याचा भाव काढताना सूत, सायझिंग, मजुरी आणि अडकलेल्या रकमेचे व्याजही धरतो. मुलीला शिक्षिका करायचे ठरले की मात्र फक्त फी मोजतो आणि दागिने मोडतो. हा हिशेब अपुरा आहे.

बी.एड. २०१५ पासून एकाऐवजी दोन वर्षांचे झाले. म्हणजे दोन वर्षांची फी, जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली कमाई. पुढे अनुदानित शाळेत जागा मिळाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवकाचे मानधनच मिळते. जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६ हजार आणि माध्यमिकला १८ हजार रुपये झाले. त्याआधी सहा आणि आठ हजारच होते.

मग काय करावे? खासगी महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करते. तेवढीच भरावी, पावती घ्यावी. डी.एड. होऊन शाळेत लागलेल्यांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा बी.एड. अभ्यासक्रम आहे. त्यात पगार चालू राहतो, आणि सर्वांत मोठा खर्च वाचतो तो इथेच.

मुलींना जरूर शिकवा. पण दागिने मोडण्याआधी पूर्ण हिशेब मांडा.