रॅमच्या खाचेमागची लढाई

नाचणगावातल्या एखाद्या विद्यार्थ्याचा जुना संगणक मंदावला, की दुरुस्ती करणारा पहिला सल्ला देतो, ‘रॅम वाढवून घे.’ मदरबोर्डला डीडीआर४ लागत असेल, तर सॅमसंग, मायक्रॉन, एसके हायनिक्स यांपैकी कुणाचीही त्या मापाची डीडीआर४ पट्टी घ्यावी, ती त्या खाचेत बसते आणि चालते. कारखाने वेगवेगळ्या देशांत असले, तरी पट्टीचे माप, तिला लागणारा विजेचा दाब आणि संकेतांचा क्रम ठरलेला असतो. ‘जेडेक’ ही उद्योगांची संस्था हे मानक ठरवून प्रसिद्ध करते. पंचवीस वर्षांपूर्वी मात्र हे सारे एका कंपनीच्या परवान्यावर अवलंबून राहण्याची वेळ आली होती.

आधी रॅम म्हणजे काय ते पाहू. तिच्यातला प्रत्येक बिट एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर यांनी बनतो. ही रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर १, नसेल तर ०. पण झिरपणाऱ्या माठातल्या पाण्यासारखा हा भार सतत कमी होत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो नव्याने भरावा लागतो, आणि वीज गेली की सगळे पुसले जाते. पेनड्राइव्हमधली फ्लॅश मेमरी हाच भार निरोधक थरांच्या आत कोंडून ठेवते. त्यामुळे ती विजेविना वर्षानुवर्षे टिकते, पण लिहायला रॅमपेक्षा खूप हळू असते आणि वापराने झिजते.

रॅमची रचना सर्वांची एकच होती. भांडण पेटले ते प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या देवाणघेवाणीवरून. १९९० मध्ये स्थापन झालेल्या रॅम्बस कंपनीने अरुंद पण अतिवेगवान वाट काढली. त्या वाटेवर चालणारी ‘आरडीरॅम’ ही मेमरी बनवायची तर रॅम्बसचा परवाना घ्यायचा आणि स्वामित्वशुल्क भरायचे. २००० मध्ये इंटेलचा पेंटियम ४ बाजारात आला, तो सुरुवातीला याच मेमरीसह. त्याच वर्षी जेडेकने डीडीआरचे, म्हणजे आजच्या डीडीआर४च्या पूर्वजाचे, मानक प्रसिद्ध केले. आरडीरॅम महाग होती आणि तापतही होती. डीडीआर स्वस्त होती आणि अनेक कंपन्या ती बनवू लागल्या. दोन-तीन वर्षांतच इंटेललाही डीडीआरकडे वळावे लागले.

लढाई तिथे संपली नाही. रॅम्बस १९९६ पर्यंत जेडेकची सदस्य होती. पुढे तिने जेडेकच्याच मानकांतल्या तंत्रांवर आपल्या पेटंटचा हक्क सांगितला. मानक ठरत असताना ही माहिती दडवली, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००६ मध्ये ठेवला, पण २००८ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. या प्रकरणाने एक गोष्ट स्पष्ट केली: मानक सर्वांना वाचता येते, एवढ्याने ते पेटंटमुक्त ठरत नाही. ते ठरत असताना समितीत कोण बसले आहे आणि कोण काय उघड करते, यावर पुढच्या अनेक वर्षांचा खर्च ठरतो.

परवाना घ्यायचा की खुले मानक वापरायचे, या प्रश्नावर महाराष्ट्रात प्रत्यक्ष काम झाले आहे, ते प्रोसेसरच्या बाबतीत. आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अजित’ हा मायक्रोप्रोसेसर घडवला. २०१९ मध्ये तो जाहीर झाला. प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांचा संच परवान्याने विकत घेण्याऐवजी त्यांनी ‘स्पार्क’ हा खुला, आयईईईने मानक म्हणून मान्य केलेला संच निवडला. त्यामुळे त्या संचासाठी आधीच तयार असलेली सॉफ्टवेअरची साधने हाताशी आली आणि सगळी ताकद आराखड्यावर लावता आली. मेमरीवरही तिथे काम झाले: त्याच संस्थेत प्रा. उदयन गांगुली यांच्या गटाने मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीबरोबर एकदाच लिहिता येणारी मेमरी विकसित केली. तिच्यात अतिपातळ सिलिकॉन डायऑक्साइडचा थर विजेने कायमचा भेदून बिट नोंदवला जातो. सेन्सरची अचूकता जुळवायला आणि सांकेतिक सुरक्षेसाठी अशी मेमरी लागते.

आता २०१० मध्ये बर्कलीत सुरू झालेल्या ‘रिस्क-फाइव्ह’ या खुल्या आज्ञासंचावर आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचे ‘वेगा’ प्रोसेसर उभे आहेत. खुले मानक कारखाना उभारून देत नाही, अभियंतेही घडवत नाही. पण परवान्याची रक्कम नसलेल्या महाविद्यालयाला आणि छोट्या उद्योगाला ते कामाला लागण्याचा हक्क देते. भारताने हा हक्क वापरावाच. त्याबरोबर जेडेक आणि रिस्क-फाइव्हच्या समित्यांत आपले अभियंते नेटाने पाठवावेत. नियम तिथे लिहिले जातात, आणि ते लिहिताना गैरहजर राहणाऱ्याला पुढे दुसऱ्यांच्या अटींवर खरेदी करावी लागते.