पाण्याकाठचे समाजकेंद्र: चिनी वास्तुपरंपरेचे धडे

पाण्याकाठी समाजकेंद्र बांधताना चिनी वास्तुपरंपरेतली अनेक तत्त्वे आजही उपयोगी पडतात.

पाया: सूचौ शहरातील बागांमध्ये तळ्याकाठचे मंडप दगडी आधारांवर थेट पाण्यावर पुढे काढलेले दिसतात. लाकडी खांबाखाली दगडी बैठक असल्याने जमिनीची ओल लाकडात चढत नाही.

सांगाडा: छपराचा भार खांब आणि तुळया पेलतात, भिंती नाहीत. त्यामुळे सभागृहाची पाण्याकडची बाजू जाळीदार दारांनी पूर्ण उघडता येते.

छप्पर: खांबांच्या माथ्यावर एकमेकांत अडकवलेल्या लाकडी ठोकळ्यांची रचना असते, तिला 'दोउगोंग' म्हणतात. तिच्या आधारावर छप्पर बरेच पुढे येते आणि पावसापासून लाकडाचे रक्षण होते. ली च्ये यांच्या 1103 सालच्या 'यिंगचाओ फाशी' ग्रंथात लाकडी भागांसाठी आठ प्रमाणित मापे दिली आहेत. 1056 साली बांधलेला यिंगश्येनचा सुमारे 67 मीटर उंच लाकडी पगोडा दोउगोंगच्या याच पद्धतीवर आजही उभा आहे.

मांडणी: वाचनालय, वर्ग आणि सभागृह अंगणाभोवती ठेवून छपरी वाटांनी जोडता येतात. सूचौच्या जुओचेंग बागेत अशी वाट पुलाच्या रूपाने पाणीही ओलांडते. समाजकेंद्रात तीच वाट पावसाळ्यात लोकांना भेटायची, बसायची जागा ठरते.