मोह, फेणी आणि मेंदू

मध्य प्रदेशातील लालबर्रा ज्या बालाघाट जिल्ह्यात मोडते, तेथील वनांत चैत्राच्या सुमारास मोहाची फुले वेचली जातात. त्याच दिवसांत गोव्यात काजूच्या भट्ट्या पेटतात. फूल निराळे, बोंड निराळे. मेंदूपर्यंत पोचणारा मद्यार्क एकच. तरीही ‘ड्रग्ज’ म्हटले की आपणांस हणजूणचा किनारा आठवतो, हातातला पेला नव्हे.

ब्रिटनमध्ये २०१० साली डेव्हिड नट व सहकाऱ्यांनी व्यक्तीची आणि समाजाची हानी एकत्र मोजली, तेव्हा शंभरपैकी मद्याला ७२, हेरॉइनला ५५ आणि गांजाला २० गुण मिळाले. मद्याचा अफाट प्रसार हेही त्याचे एक कारण, हे मान्य केले पाहिजे. भारतातही २०१९ च्या ‘एम्स’च्या अहवालानुसार मद्य घेणारे सुमारे १६ कोटी, भांग-गांजा घेणारे सुमारे ३ कोटी आहेत.

हेरॉइन मेंदूच्या देठातील श्वसनकेंद्रच मंदावते. एका मात्रेतही जीव जाऊ शकतो. गांजाने श्वास सहसा थांबत नाही, परंतु कोवळ्या वयात तो स्मृती व मनःस्वास्थ्य यांना ग्रासतो. मद्य मेंदूला गुंगवते, आणि त्या गुंगीशी झगडत मेंदू ताठर होऊन बसतो. म्हणूनच जुन्या मद्यप्याने दारू एकाएकी सोडली की आकडी येते, भ्रम होतो, प्रसंगी प्राणही जातो. संकल्पाच्या भरात बाटली फोडणाऱ्याचे घरात कौतुक होते. त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे, हे मात्र क्वचितच कोणास सुचते.